सुभद्राबाई आणि खग्याचा चीक

सुरतेतल्या एका फार्मसी कॉलेजात मी १९९६च्या जूनमध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी मला उंदीरखोली बघून यायला सांगितलं. कागदोपत्री तिचं नाव ॲनिमल हाऊस, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे उंदीरखोलीच म्हणत. आत पन्नाशीच्या एक बाई पिंजऱ्यात हात घालून उभ्या होत्या. एक पांढरा उंदीर त्यांच्या मनगटावरून चालत कोपरापर्यंत गेला आणि तिथे बसून मिशा पुसू लागला. बाईंनी माझं गाव विचारलं. मी अकोला म्हणालो.

"म्हणजे आपल्याकडचाच," त्या म्हणाल्या. "एक लक्षात ठेव भाऊ, या खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. हे घाबरले की त्यांचं रक्त बदलतं."

त्या सुभद्राबाई. पुढे जे सांगतोय ते थोडं त्यांच्याकडून ऐकलं, थोडं नीलाक्षीबेनकडून, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलं.

सुभद्राबाई मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सुरतेतल्या लिंबायतला आल्या. नवरा धुडकू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कारागीर, आणि या घरात बसून सुताच्या कांड्या भरायच्या. अठ्ठ्याऐंशी साली काविळीनं धुडकू गेला. तोवर मुलगा योगराज लूमवर उभा राहायला लागला होता, पण एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून सुभद्राबाई कॉलेजात झाडलोटीला लागल्या. उंदीरखोलीचा माणूस वासाला कंटाळून सोडून गेला आणि ते काम यांच्या गळ्यात पडलं. पहिले आठ दिवस त्या पदराचा बोळा नाकाशी धरून पिंजरे धूत होत्या. नंतर पदर खाली आला. वर्षभरात त्यांना शंभरेक उंदरांतल्या कोणी आज कमी खाल्लंय हे नुसतं बघून सांगता येऊ लागलं.

नीलाक्षीबेन, म्हणजे डॉ. नीलाक्षी देसाई, त्याच कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या. पस्तिशीच्या, बोलायला मऊ, कामाला चिवट. त्या सुजेवर काम करत होत्या. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की समुद्रातल्या एका मिशावाल्या माशाच्या अंगावरचा चीक लावला तर जखमा लवकर भरतात. तसला मासा आपल्या खाडीतही येतो. कोकणात त्याला शिंगाळा म्हणतात, सुरतेकडे खगा. बेनला प्रश्न पडला, जखम भरत असेल तर सूजही उतरत असेल का?

सुभद्राबाईंनी एकदा त्यांना विचारलं होतं, "बेन, सूज म्हणजे असतं तरी काय?"

"शरीरानं स्वतःच पेटवलेली शेगडी समजा," बेन म्हणाल्या. "जंतू जाळायला ती लागते. काम झालं की विझायला पाहिजे. काहींची विझतच नाही, मग ती सांधे खात बसते."

"माझ्या सासूची नाही विझली," सुभद्राबाई म्हणाल्या. "शेवटी तिला भाकर थापता येईना. बोटं अशी वाकडी झाली होती."

१९९४च्या ऑगस्टमध्ये बेन हजीऱ्याकडच्या किनाऱ्यावर गेल्या आणि छीबुकाका नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमाराकडून खग्याचा चीक घेऊन आल्या. तो सुकवून, त्याची पूड पाण्यात कालवून बाटली भरली. दुसऱ्या बाटलीत नुसतंच पाणी. दोन्हींत साखर आणि बडीशेपेचा अर्क घातला, म्हणजे रंगावरून-वासावरून काही कळू नये. एकीवर हिरवी चिठ्ठी, दुसरीवर पांढरी. कुठल्या चिठ्ठीमागे मासा आहे हे बेननी कागदावर लिहून पाकीट चिकटवलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. सुभद्राबाईंना सांगितलं नाही.

"माझ्यावर भरवसा नाही का?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"माझा माझ्यावरही नाही," बेन म्हणाल्या. "आपल्याला माहीत असलं ना, की डोळे हवं तेच बघतात."

बारा उंदीर घेतले. प्रत्येकाच्या मागच्या एका पायात सांधा सुजवणारं इंजेक्शन दिलं. दहा-बारा दिवसांत पाय टरारून आले, उंदीर तीन पायांवर लंगडू लागले. सहांना हिरव्या बाटलीतले थेंब, सहांना पांढऱ्या. सुभद्राबाई उंदीर धरायच्या, बेन तोंडाच्या कोपऱ्यातून थेंब सोडायच्या. मग पाऱ्यानं भरलेल्या काचेच्या नळीत सुजलेला पाय बुडवून पारा किती चढतो ते बेन वहीत लिहायच्या. हे रोज, महिनाभर चालायचं होतं.

गणपती विसर्जन झालं आणि एका मंगळवारी बेन दोन दिवसांसाठी बडोद्याला गेल्या. सासर तिथं, दोन वर्षांची मुलगी तिथं, शिवाय काही काचपट्ट्या तपासून घ्यायच्या होत्या. पाऱ्याची नळी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तोवर थेंब सुभद्राबाईंनी द्यायचे होते. गुरुवारी बेन परत येणार होत्या.

गुरुवारी सुरतेत प्लेग आला.

सुरुवातीला कुणाला खरं वाटेना. दुपारपर्यंत औषधांच्या दुकानांसमोर कॅप्सूलसाठी रांगा लागल्या, संध्याकाळी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या गाडीनं शहर सोडत होते. लिंबायतमधल्या निम्म्या खोल्यांना दोन दिवसांत कुलपं लागली. योगराजनं भुसावळकडच्या गाडीनं जायचं ठरवलं. सून सुषमा पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"माय, तू भी चाल," योगराज म्हणाला. घरात सगळे अहिराणीच बोलत.

"तू जाय. पोरले ली जाय. मी आठेच ऱ्हासू."

"आठे काय शे?"

"कॉलेजमा उंदीर शेतस. त्यासले खावाले कोन दी?"

योगराज म्हणाला, "लोके उंदीरमुळे मरी राहिनात, माय."

"ते दुसरे उंदीर," सुभद्राबाई म्हणाल्या. आणि सुनेच्या पिशवीत त्यांनी शेंगदाण्याची चटणी घातली.

घरचे गेले आणि सुभद्राबाईंना खरी भीती वाटली ती दुसऱ्या सकाळी. पंचवीस वर्षांत लूमचा खडखडाट थांबलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. गल्ली एकदम गप्प. एवढ्या मोठ्या वस्तीत कुणाच्या तरी नळाचा थेंब पडत होता तोही ऐकू येत होता. त्या मला सांगायच्या, "वाटलं, देवानं शहराचं बटण बंद केलं." जे चार शेजारी मागे राहिले होते त्यांनी, ही बाई उंदरांत हात घालते म्हणून, त्यांना सार्वजनिक नळावर येऊ दिलं नाही. सुभद्राबाई भांडल्या नाहीत. वळकटी डोक्यावर घेतली आणि कॉलेजात राहायला गेल्या.

कॉलेज बंद होतं. फाटकावर नंदुरबारचा सुकलाल नावाचा वॉचमन एकटा होता. त्याच्या केबिनमध्ये फोन होता, आणि त्याच दिवशी बेनचा फोन आला.

"सुभद्राबाई, तुम्ही अजून तिथंच? घरी जा. गावाला जा."

"तुम्ही कधी येता?"

"मला येऊ देत नाहीत. सुरतेकडे कुणी येतच नाहीये." बेन म्हणाल्या. "प्रयोग सोडून द्या. तुमचा जीव महत्त्वाचा आहे."

"आणि हे बारा?"

"काही करता येणार नाही," बेन म्हणाल्या.

"बरं," म्हणून सुभद्राबाईंनी फोन ठेवला. सुकलालला वाटलं आता बाई वळकटी बांधणार. बाई उंदीरखोलीत गेल्या, फ्रिज उघडला, दोन्ही बाटल्या बाहेर काढल्या, आणि रोजच्या वेळेला रोजचे थेंब दिले.

थेंब देता आले, पण मोजायचं कशानं? नळी कपाटात, किल्ली बडोद्यात. वहीत लिहायचं म्हटलं तर सुभद्राबाईंना अक्षर येत नव्हतं. दिवसभर त्या विचार करत होत्या. मग त्यांना सुचलं ते कांड्या भरणाऱ्या बाईलाच सुचावं असं होतं. त्यांनी धागा घेतला. लूमचं पॉलिस्टर नाही, ते ताणलं की लांबतं हे त्यांची बोटं जाणत होती. शिवणाचा सुती धागा घेतला. उंदराच्या सुजलेल्या पायाला घोट्यापाशी एक वेढा दिला, जिथं टोक भेटलं तिथं कापला. जेवढी सूज, तेवढा धागा. कॉलेजच्या भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, कणकेच्या खळीनं त्यावर धागे ओळीनं चिकटवले. उंदरांच्या अंगावर ओळखीसाठी पिवळे ठिपके होते, डोक्यावर एक, पाठीवर एक, शेपटीपाशी एक असे. त्याच क्रमानं धागे. एका दिवसाला एक ओळ. हिरव्या बाटलीचं पान वेगळं, पांढरीचं वेगळं.

चौथ्या दिवशी महापालिकेची माणसं पावडरचे डबे घेऊन आली. शहरातला एकूण एक उंदीर मारायचा होता. सुकलालनं घाबरून खोली दाखवली. सुभद्राबाई दारात उभ्या राहिल्या.

पथकाचा साहेब म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा. आत उंदीर आहेत असं कळलंय."

"आहेत. या, बघा."

त्यांनी एका उंदराला हातावर घेऊन साहेबापुढे धरलं. साहेब दोन पावलं मागे सरकला.

"हे गटारात गेलेले नाहीत. यांच्या अंगावर पिसू नाही, मी रोज बघते. आणि याचा हा पाय बघा, किती सुजलाय. याच्या पायावरून बेन माणसाच्या सांध्यांचं औषध शोधतायत. तुमच्या घरात कुणाचे गुडघे धरतात का?"

साहेबानं आत डोकावलं. रुमालाच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते. मग त्यानं विचारलं, "खिडक्यांना जाळी आहे?"

"आहे. मोरीच्या तोंडालाही लावलीय."

"बाहेरून सगळीकडे मारा," त्यानं माणसांना सांगितलं. "आत नको." जाताना तो सुभद्राबाईंच्या हातात कॅप्सूलचं एक पाकीट ठेवून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांना काहीतरी दिसू लागलं. आधी विश्वास बसेना. हिरव्या पिंजऱ्यातला पाठीवर ठिपका असलेला उंदीर एका सकाळी जाळीला धरून उभा राहिला. सुजलेला पाय टेकवून. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पांढऱ्या पिंजऱ्यातले अजून कोपऱ्यात पाय चाटत बसलेले. सुभद्राबाईंनी त्या दिवशी कॅलेंडरची दोन्ही पानं उजेडात धरली. पांढऱ्याच्या पानावर धागे वरपासून खालपर्यंत जवळपास सारखे. हिरव्याच्या पानावर ओळीगणिक थोडे थोडे आखूड, जणू डोंगराची उतरण.

"मला रडू आलं," त्यांनी मला सांगितलं. "का, ते कळलं नाही. सगळं शहर पळून गेलेलं, माणसं मरत होती, आणि इथं एवढ्याशा पायातली आग विझत होती. कोणी विझवली? पाण्यासारखे दोन थेंब होते. मी पिंजऱ्यासमोर तशीच खाली बसले."

नवरात्राच्या चौथ्या दिवशी बेन परत आल्या. उंदीर मेले असतील, खोलीला वास सुटला असेल, असं धरूनच त्यांनी दार उघडलं. आत बाराच्या बारा जिवंत होते, आणि सुभद्राबाई पिंजऱ्यात भुसा पसरत होत्या. त्यांनी काही न बोलता कॅलेंडरची पानं बेनच्या हातात दिली.

चौदा दिवस, बारा उंदीर, एकशे अडुसष्ट धागे.

बेन पट्टी घेऊन जमिनीवरच बसल्या. पहिल्या ओळीत दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. शेवटच्या ओळीत पांढऱ्याच्या पानावर जवळजवळ तेवढेच, हिरव्याच्या पानावर पावणेतीन. पर्समधलं पाकीट काढून त्यांनी ते फोडलं. त्यांनी कागद उघडला.

"हिरवी," त्या म्हणाल्या. "हिरवी म्हणजे मासा."

मग त्यांनी सुभद्राबाईंकडे बघितलं. "तुम्हाला माहीत आहे, हे तुम्ही काय केलंय? आम्ही मुलांना वर्षभर आलेख काढायला शिकवतो. तुम्ही तो धाग्यांनी काढलात."

पण धाग्यांवर शास्त्र चालत नाही, हे बेनही जाणून होत्या. प्रयोग पुन्हा करायला हवा होता, नळीनं, वहीत, नियमानं. पंचाण्णव साली त्यांनी तो दोनदा केला. बाजारातल्या व्यापाऱ्याकडून बर्फातले खगे मागवले, चीक खरवडला, थेंब दिले. दोन्ही वेळा काहीच झालं नाही. हिरवं-पांढरं सारखंच. कॉलेजात लोक हसायचे, झाडूवालीच्या दोऱ्यांवर बेननं वर्ष घालवलं म्हणायचे. मी लागलो तोवर बेननी ती फाइल कपाटाच्या तळाशी ठेवून दिली होती.

त्या पावसाळ्यात एक दिवस बेन उंदीरखोलीत आल्या असताना सुभद्राबाईंनी विचारलं, "बेन, ते बर्फातले मासे मेलेले होते ना?"

"हो. का?"

"आणि पहिल्या वेळचे?"

बेन विचारात पडल्या. "पहिल्या वेळी छीबुकाकांनी जिवंत माशाचाच काढून दिला होता. पण मासा तोच आहे, चीक तोच."

"तोच कसा? तुम्हीच म्हणता, घाबरलेल्या उंदराचं रक्त बदलतं. मग माशाचं नसेल बदलत?"

मी तिथेच पाण्याच्या बाटल्या भरत होतो. बेननी हातातली वही हळूच मेजावर ठेवली, एवढंच मला आठवतं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. पलीकडे कारखान्यांची धुराडी, अलीकडे चिखल आणि ओहोटीत टेकलेल्या होड्या. छीबुकाका गुडघाभर चिखलातून घमेलं घेऊन आले. घमेल्यातल्या पाण्यात हातभर लांबीचा खगा होता, राखाडी पाठीचा, ओठांना लांब मिशा असलेला. सुभद्राबाईंनी हा मासा जिवंत असा पहिल्यांदाच पाहिला.

"काट्याला हात लावू नका," काका म्हणाले. "पाठीवर एक आणि दोन बगलांना दोन. टोचला तर हात भोपळ्यासारखा सुजतो."

"चीक कुठाय?" बेननी विचारलं. माशाचं अंग नुसतं ओलं दिसत होतं.

"आत्ता कुठला? तो निवांत आहे." काकांनी बगलेच्या काट्यांमागे सराईतपणे पकड घेऊन त्याला पाण्याबाहेर उचललं. मासा फडफडला, कण्हल्यासारखा आवाज करू लागला. आणि आमच्या डोळ्यांसमोर त्याच्या कातडीतून चीक पाझरू लागला. आधी दव पडल्यासारखा, मग दाट, घट्ट, अंड्याच्या पांढऱ्यासारखा, काकांच्या मनगटावरून लोंबू लागला. कुणी पिळलं नव्हतं, कुणी कापलं नव्हतं.

"जिवावर बेतलं की सोडतो," काका म्हणाले. "जाळ्यात दुसऱ्यानं चावलं, कातडं फाटलं, तरी सोडतो. चार दिवसांत जखम गायब. माझा बाप हाताच्या चिरांना हाच लावायचा."

"आणि मेलेला?" बेननी विचारलं.

"मरेलो शुं आपे, बेन?"

मेलेला देणार तरी काय! चमच्याच्या कडेनं बेन चीक बाटलीत घेत राहिल्या. सुभद्राबाई मात्र काकांच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि माशाच्या पाठीवरून, काटा चुकवून, हळूच फिरवलं.

"ज्याच्या काट्यानं सूज येते, त्याच्याच अंगात ती उतरवायचं पाणी," त्या पुटपुटल्या. "हे याला कोणी शिकवलं?"

"अजून ऐका," छीबुकाका हसले. "याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत. महिना-दीड महिना काही खात नाही. तोंड उघडलं तर पिल्लं जातील ना."

सुभद्राबाईंनी दोन्ही हात जोडले. ते काकांना जोडले की माशाला, मला कळलं नाही. काकांनी मासा पुन्हा पाण्यात सोडला. तो तळाशी जाऊन कल्ले हलवत राहिला, आणि त्याच्याभोवती चिकाचं पांढुरकं धुकं पसरलं. आम्ही तिघं घमेल्यावर वाकून ते विरेपर्यंत बघत होतो.

ताज्या चिकानं प्रयोग पुन्हा केले. या वेळी पाऱ्याच्या नळीनं मोजलं, वहीत मी लिहिलं. सूज उतरली. धाग्यांनी दाखवली होती तेवढी नाही, पण उतरली, तिन्ही वेळा. अठ्ठ्याण्णव साली एका छोट्या मासिकात त्यावर लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत सुभद्राबाईंचं नाव होतं. औषध काही झालं नाही. चिकातल्या कोणत्या गोष्टीनं काम केलं, चरबीनं की प्रथिनानं, हे शोधायला लागणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. बेननी पुड्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या, आणि उत्तराची वाट बघण्यात एक वर्ष गेलं.

त्याच सुमारास सुभद्राबाईंचे गुडघे धरू लागले. उंदीरखोली दुसऱ्या मजल्यावर हलवली होती, जिना चढताना त्या मध्ये थांबायच्या. एकदा मी बेनना म्हणालो, फ्रिजमध्ये हिरव्या बाटल्या आहेत, मावशींना थोडं द्यायला काय हरकत आहे? नाही म्हणायचं बेनच्या जिवावर आलं होतं. सुभद्राबाईंनीच त्यांची सुटका केली.

"नको रे भाऊ," त्या म्हणाल्या. "उंदरांना विचारून झालंय. माणसांना अजून कुणी विचारलेलं नाही. आधी बेनना नीट विचारू द्या."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चढत, त्या पिंजऱ्यांना पाणी घालायला वर गेल्या.